नामिबियाची पक्षी-सफर : धुक्यापासून पाणवठ्यापर्यंत

आफ्रिकेतील सफरींच्या जाहिरातींत सिंह, हत्ती आणि सूर्यास्त यांना जेवढी जागा मिळते, तिच्या दशांशही जागा चंडोलाच्या वाट्याला येत नाही. ज्या मार्गदर्शित सफरीचे हे परीक्षण आहे, तिची सुरुवात मात्र चंडोलापासून झाली. नामिबियाच्या राजधानीतून, म्हणजे विंडहुकहून, नैऋत्येला नामिब वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या, तिथून अटलांटिकच्या किनाऱ्यावरील वॉल्व्हिस बे व स्वाकोपमुंड, मग पुन्हा आत वळून स्पिट्झकोप्पे आणि एरोंगो हे खडकाळ डोंगर, आणि शेवटी उत्तरेला एटोशा राष्ट्रीय उद्यान, असा तिचा मार्ग होता. गट लहान होता, गाडीत प्रत्येकाला खिडकी मिळत होती आणि दूरचे पक्षी जवळून दाखवणाऱ्या दोन चांगल्या दुर्बिणी, म्हणजे स्पॉटिंग स्कोप, बरोबर होत्या. पण या सफरीचे खरे बळ मार्गदर्शकात होते. नामिबियातच वाढलेल्या या गृहस्थांनी प्रवासभर प्रत्येक प्राण्यासमोर आम्हांला एकच प्रश्न विचारायला लावला : या जिवाला पाणी कुठून मिळते? या प्रश्नामुळे पक्ष्यांच्या यादीचे एका सलग अभ्यासात रूपांतर झाले.

ड्यून लार्क हा केवळ नामिबियातच आढळणारा चंडोल आहे, आणि त्याचे घर म्हणजे या लालसर वाळूच्या टेकड्याच. तो शोधताना मार्गदर्शकांनी दुर्बीण गळ्यातच राहू दिली आणि आधी वाळूवरच्या पाऊलखुणा वाचायला शिकवले. गवताच्या एका झुबक्यापासून दुसऱ्या झुबक्यापर्यंत गेलेली बारीक, घाईची रांग दिसली की त्या दिशेला पाठ न करता शांत बसून राहायचे. काही वेळाने वाळूच्याच रंगाचा तो पक्षी झुबक्याच्या सावलीतून धावत बाहेर आला, बिया टिपू लागला, आणि आमच्याकडे त्याने फारसे लक्ष दिले नाही. उघडे पाणी जिथे मैलोगणती नाही, तिथे बिया आणि किडे यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर हा पक्षी तगतो, हे त्याच्यासमोर बसून ऐकताना फार वेगळे वाटते. पुढे किनाऱ्याकडे जाताना धुके लागले. अटलांटिकमधील थंड बेंग्वेला प्रवाहामुळे तयार होणारे हे धुके वाऱ्याबरोबर वाळवंटात खोलवर शिरते. त्यावर जगणारा एक काळा भुंगेरा टेकडीच्या माथ्यावर चढतो, डोके खाली व पाठ वर करून उभा राहतो, आणि पाठीवर साचलेले थेंब ओघळत त्याच्या तोंडापर्यंत येतात. पक्षी-सफरीत भुंगेऱ्यासाठी गाडी थांबवणारा मार्गदर्शक मला कोणत्याही दिवशी चालेल.

याच टप्प्यावर कंपनीच्या नियोजनाबद्दलची माझी पहिली तक्रारही आहे. सोसुसव्लेई या टेकड्यांमधल्या कोरड्या तळाकडे जाणारा रस्ता सेसरीमच्या फाटकातून सुरू होतो आणि पुढे सुमारे 60 किलोमीटर आत जातो. फाटकाच्या आत मुक्काम असणाऱ्यांना सूर्योदयापूर्वी निघता येते, तर बाहेर राहणाऱ्यांना सूर्योदयाला फाटक उघडेपर्यंत रांगेत थांबावे लागते. आमचा मुक्काम बाहेर होता. निवासस्थान सुंदर होते, जेवणही उत्तम होते, पण वाळवंटात पक्ष्यांचा खरा दिवस पहाटेचा असतो आणि उन्हे चढली की सगळे सावलीला जाते. ज्या सफरीचा पायाच निरीक्षण हा आहे, तिने ही पहाट पलंगाच्या आरामासाठी गमावणे योग्य नाही. तिथल्याच डेडव्लेईच्या पांढऱ्या तळावर शेकडो वर्षांपूर्वी वाळून गेलेली बाभळीच्या कुळातली काळी झाडे पाहण्यासारखी आहेतच, मात्र तिथे आम्ही पोहोचलो तेव्हा गर्दी झालेली होती.

वॉल्व्हिस बेचे खाजण ही रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली, पाणथळ जागा आहे, आणि तिथे घालवलेला वेळ या सफरीतील सर्वांत समृद्ध वेळांपैकी एक होता. थोरला आणि धाकटा असे दोन्ही रोहित (फ्लेमिंगो) एकाच उथळ पाण्यात चरत होते. थोरला चिखलातले छोटे जीव गाळून घेतो आणि धाकटा सूक्ष्म शेवाळ, त्यामुळे दोघांचे पोट एकाच पाण्यावर चालते. स्कोपमधून त्यांच्या चोचींची ठेवण एकामागून एक पाहिली की हा फरक आपोआप समजतो. आर्क्टिककडून आलेले तुतवार, मिठागरांच्या कडेने पळणारा तांबूस पट्ट्याचा लहान चिखल्या आणि मोठे पांढरे पेलिकन असा सगळा पसारा भरती-ओहोटीबरोबर पुढेमागे सरकत होता. मार्गदर्शकांनी भरतीची वेळ पाहून दिवस आखला होता, आणि पाणी चढू लागले तसे पक्षी आमच्याकडे ढकलले जात राहिले.

स्वाकोपमुंड आणि वॉल्व्हिस बे यांच्यामधल्या किनारपट्टीवर डमारा टर्न हा लहानसा सुरय घरटे करतो. घरटे म्हणजे खडीच्या मैदानावरचा एक खळगा, आणि त्यात बहुधा एकच अंडे. अंडे व पिल्लू खडीशी इतके एकरूप असते की चाकाखाली जाईपर्यंत कोणाला दिसत नाही, म्हणून वीण होते त्या भागात गाड्या रोखण्यासाठी कुंपण घातलेले आहे. आम्ही कुंपणाबाहेर, पुष्कळ अंतरावर उभे राहून मासा घेऊन परतणारे पक्षी पाहिले. अशा ठिकाणी मोकळ्या दुपारी ‘ऐच्छिक उपक्रम’ म्हणून वाळूत चारचाकी मोटारसायकली चालवण्याची सोय कंपनीच्या पत्रकात असणे मला अतिशय खटकले. त्या ठरवून दिलेल्या मार्गांवरच चालवतात, असे उत्तर मिळाले आणि ते खरे असेलही. तरीही पक्ष्यांसाठी लोकांना आणणाऱ्या संस्थेने आपल्या पत्रकात तो पर्याय ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पिट्झकोप्पेच्या ग्रॅनाइटच्या पायथ्याशी हेरेरो चॅट हा लहान पक्षी पुष्कळ वाट पाहिल्यावर दिसला. एरोंगोच्या डोंगरांत मात्र सफरीने फारच घाई केली. हार्टलॉब्ज स्परफाउल हा तितराच्या कुळातला पक्षी अगदी पहाटे खडकाच्या माथ्यावर येऊन जोडीने ओरडतो आणि ऊन पसरण्याआधी दगडांत नाहीसा होतो. रॉकरनर हा गोड गळ्याचा पक्षीही त्याच उतारावर असतो. एकच रात्र ठेवल्यामुळे एकच पहाट हाती होती. आम्हांला दोन्ही पक्षी मिळाले, परंतु जराही वारा असता तर काहीच मिळाले नसते. मार्गदर्शकांनी ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बाहेर काढण्याचा सोपा मार्ग जवळजवळ टाळला, आणि वेळ कमी असतानाही तो टाळला, याचा मला विशेष आदर वाटतो.

एटोशाला 1907 साली संरक्षण मिळाले. त्याच्या मध्यभागी सुमारे 4,800 चौरस किलोमीटरचे खारट, पांढरे पात्र आहे, आणि आम्ही गेलो त्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते कोरडे ठणठणीत होते. पाऊस पुरेसा झाला तर ते उथळ भरते आणि किनाऱ्यावर पाहिलेले रोहित विणीसाठी इथे येतात. कोरड्या दिवसांत मात्र सगळे जीवन पाणवठ्यांवर येऊन मिळते. इथे विश्रांतीची ठरलेली ठिकाणे सोडून गाडीतून उतरण्यास मनाई आहे, म्हणून चांगला मार्गदर्शक म्हणजे गाडी कुठे उभी करायची हे जाणणारा. आमची गाडी सकाळी एका पाणवठ्याशी सूर्य पाठीमागे ठेवून उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. आजूबाजूच्या गाड्या सिंहाची बातमी ऐकून येत-जात राहिल्या. ऊन थोडे चढल्यावर नामाक्वा पखुर्ड्यांचे (सँडग्राउस) थवे बोलत बोलत उतरू लागले. नर पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवत होते. ती पिसे स्पंजासारखी पाणी धरून ठेवतात आणि नर ते दूरवरच्या पिल्लांपर्यंत नेतो, तिथे ती त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतले पाणी पितात. सफरभर विचारलेल्या प्रश्नाचे इतके सुंदर उत्तर मी दुसरे पाहिलेले नाही. हत्तींचा कळप आला तेव्हा पखुर्ड्या उठल्या, आणि तेही दृश्य भव्य होते, पण माझी नजर थव्याबरोबर गेली.

मोकळ्या गवताळ मैदानात कोरी बस्टर्ड शांतपणे चालताना दिसतो. तो आपल्या माळढोकाचा जवळचा नातलग, म्हणजे आर्डिओटिस या त्याच गटातला पक्षी आहे. इतका मोठा पक्षी निर्धास्त फिरताना पाहून आपल्याकडच्या माळढोकाच्या आठवणीने मन भरून आले, हे इथे नमूद करतो. बाभळींवर सोशिएबल वीव्हर या सुगरणीच्या नातलगांनी बांधलेली गवताची प्रचंड सामूहिक घरटी आहेत. त्यांच्या एखाद्या कप्प्यात जेमतेम 60 ग्रॅम वजनाचा पिग्मी ससाणाही राहतो. एटोशातल्या ओकाउक्वेयो या मुक्कामाच्या तळावरचा पाणवठा रात्री दिव्यांनी उजळलेला असतो, आणि भिंतीमागच्या बाकांवरून काळे गेंडे पाणी पिताना पाहता येतात. दिवे लागण्याच्या सुमारास तिथे दुहेरी पट्ट्याच्या पखुर्ड्या उतरतात. गेंड्यांची वाट पाहणाऱ्यांनी या पखुर्ड्यांसाठी थोडे लवकर येऊन बसावे.

बाकीच्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगायचे तर, खडीच्या रस्त्यांवरचे प्रवास लांब आणि धुळीचे आहेत, आणि पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी ते गांभीर्याने विचारात घ्यावेत. हा देश मांसाहारी असला तरी आधी कळवल्यामुळे शाकाहारी जेवण नीट मिळाले. उद्यानांचे शुल्क किमतीत होते, विमानभाडे, विमा आणि बक्षिशी वेगळी. दक्षिण आफ्रिकेचा रँड नामिबियन डॉलरच्या बरोबरीने चालतो, त्यामुळे एकच चलन जवळ ठेवले तरी भागते. उत्तरेत मलेरियाचा धोका असल्याने डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा.

ज्यांना थोड्या दिवसांत जास्तीत जास्त मोठे प्राणी पाहायचे आहेत त्यांनी दुसरी सफर निवडावी. ज्यांना एका पाणवठ्यावर अर्धी सकाळ बसणे कष्टाचे वाटत नाही, त्यांना मी हीच सुचवीन. मात्र पैसे भरण्यापूर्वी सेसरीमचा मुक्काम फाटकाच्या आत आणि एरोंगोत दुसरी रात्र, या दोन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात, आणि शक्य झाल्यास त्यासाठी स्वाकोपमुंडची मोकळी दुपार सोडून द्यावी.