लॅपटॉप मक्त्याचा की सातबाऱ्यावरचा?

सोयाबीनचे पैसे हातात आले की दिवाळीच्या आगेमागे माझ्या दुकानात एकच प्रश्न फिरत राहतो. तालुक्याच्या गावी, बसस्टँडमागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. यंदा हा प्रश्न शेजारच्या काकांच्या पोरीनं आणला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे, आणि घरबसल्या मराठी टायपिंगची अन् ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची कामं करायची म्हणते. बजेट पंचवीस हजार. "दादा, नवा घेऊ का जुना, एवढंच सांगा," ती म्हणाली. काका दारातूनच बोलले, "जुनं कायले घेता बाप्पा? नव्याले गॅरंटी त असते!"

तिच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, हप्त्यावर नवा कमी किमतीचा लॅपटॉप, त्यात विंडोज ११, मायक्रोसॉफ्ट ऑफिसची वर्षाची वर्गणी, फाइली-फोटो सगळे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रांत. दुसरी, नागपूरला बर्डीच्या बाजारातून एखाद्या कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप आणायचा, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स मिंट आणि ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस टाकायचं, आणि फाइली आपल्याच डिस्कवर ठेवायच्या. टॅबला कीबोर्ड जोडायची तिसरी वाट कोणीतरी सुचवतंच. पण दोन पानी अर्ज टाइप करून त्याचं पीडीएफ दोनशे केबीच्या आत बसवायची वेळ आली की तोच टॅब घेऊन लोक माझ्याकडे येतात. ती वाट सोडून देऊ.

मी दुसऱ्या वाटेचा माणूस आहे, हे आधीच सांगतो. तरी पहिलीला जिथं मार्क द्यायचे तिथं देईन.

आधी यंत्र. या किमतीत नवा लॅपटॉप मिळतो तो बहुतेक वेळा साधा प्रोसेसर, मदरबोर्डलाच चिकटवलेली रॅम आणि लहान स्टोरेज असलेला. दोन वर्षांनी रॅम वाढवू म्हटलं तर जागाच नसते. कंपन्यांत वापरले जाणारे थिंकपॅड, लॅटिट्यूड यांसारखे जुने लॅपटॉप वेगळ्या हिशेबानं बांधलेले असतात. मागचे स्क्रू काढले की बहुतेक मॉडेलात रॅम बदलता येते, डिस्क बदलता येते, कीबोर्ड आणि बॅटरी वेगळी विकत मिळते. मक्त्याच्या, म्हणजे वर्षाच्या भाड्यानं घेतलेल्या शेतात कोणी विहीर खोदत नाही. चिकटवलेल्या रॅमच्या लॅपटॉपचंही तसंच, जो मिळाला तसाच वापरायचा आणि मुदत संपली की सोडायचा.

जुन्या यंत्रांचा माल बाजारात येण्यामागं एक तारीख आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नियमित अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप त्यामुळं एका रात्रीत 'जुने' झाले. यंत्र बिघडलं नाही, कागदावर बाद झालं. लिनक्सला ही अट नाही. सातव्या पिढीवर मिंट मस्त चालतं, आणि मिंटच्या एका आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात. तरी या पोरीला मी आठव्या पिढीचाच घ्यायला सांगितलं. का, ते पुढं येईल.

जुना घेताना दुकानातच करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. तिथं पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप तिथंच ठेवा, कितीही स्वस्त असो. कंपनीनं लावलेलं ते कुलूप काढणं तुमच्या-आमच्या हातचं नसतं. झाकण चार वेळा उघडझाप करा, बिजागरी सैल असेल तर कळते. बिल घ्याच. आणि बॅटरी मेलेली आहे असं समजूनच भाव करा.

आता आपल्याकडचं हवामान. टिनाच्या खोलीत मे महिन्यात दुपारी काय होतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. त्या उन्हात दोन्ही यंत्रं सारखीच भाजतात, बॅटरी दोन्हींची लवकर उतरते. फरक पडतो तो पावसाळ्यात. झड लागली, लाईन गेली, की काही तासांत टॉवरची बॅटरीही बसते. तेव्हा क्लाउडवाल्याच्या फाइली यादीत दिसतात खऱ्या, नावापुढं ढगाचं चिन्ह असतं, पण क्लिक केलं की नुसतं गोल गोल फिरत राहतं. डिस्कवरची फाइल बॅटरी असेतो उघडते. शहरात बसून क्लाउड बनवणाऱ्याला झड म्हणजे काय हे माहीत नसावं.

पैशाचा हिशेब थोडक्यात. गूगलची १०० जीबी जागा महिन्याला १३० रुपये, वर्षाची एकदम घेतली तर १३००. पाच वर्षांचे साडेसहा हजार, दर वाढले नाहीत तर. ऑफिसची वर्गणी निराळी. लिब्रेऑफिस फुकट आहे. फुकट म्हटलं की आपल्याकडं संशय येतो, तो योग्यही आहे, म्हणून सांगतो: गूगल फोटोजमध्ये 'उच्च दर्जा'चे फोटो अमर्याद ठेवायची सोय फुकटच होती, ती १ जून २०२१ पासून बंद झाली, आणि त्यानंतरचे फोटो मेल-ड्राइव्हसकट फुकटच्या १५ जीबीत मोजले जाऊ लागले. तोवर एकेकाचे सात-आठ हजार फोटो तिथं जाऊन पडले होते. मक्ता पाडव्याला ठरतो, आणि दुसऱ्या पाडव्याला मालकानं वाढवून मागितला तर उभं पीक घेऊन कुठं जाणार? लिब्रेऑफिसचं फुकट वेगळं आहे. त्याचा मूळ कोड उघडा आहे, उद्या बनवणारे थांबले तरी माझ्या लॅपटॉपमधली प्रत कोणी परत मागू शकत नाही.

परत मागणं ही कल्पना नाही, घडलेली गोष्ट आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही ई-पुस्तकं त्यांच्या किंडल या वाचायच्या यंत्रातून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडं हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत दिले, पुढं कंपनीच्या प्रमुखानं माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा विकलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली, तिथंही पैसे परत. पैसे परत मिळाले मग तक्रार कसली, असं कोणी म्हणेल. तुमच्या घरातून कोणी म्हैस सोडून नेली आणि गोठ्यात नोटा ठेवून गेला, तर? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून तर कायदाच आहे की डिजिटल वस्तू 'विकत घ्या' म्हणून विकताना, आपण फक्त वापराचा परवाना देतोय हे दुकानदारानं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं.

मला यात नेहमी मेंढा-लेखा आठवतं. गडचिरोलीतल्या त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कागद आला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं. जंगल गावाचं, बांबू गावाचा, आणि त्या परवान्याच्या पासाचं पुस्तक दुसऱ्याच्या टेबलावर. ते पुस्तक ग्रामसभेला मिळालं तेव्हा कुठं हक्काला अर्थ आला. क्लाउडवरच्या फाइलीचं पासाचं पुस्तक कोणाकडं असतं, हे विचारून बघा.

आमच्या घरात ते एका सिमकार्डाकडं होतं. मामांनी आजीचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो, व्हिडिओ एका खात्यात ठेवले होते. खातं उघडताना दिलेला नंबर जुन्या सिमचा. ते सिम रिचार्ज न करता ड्रॉवरमध्ये पडून राहिलं, आणि काही महिन्यांनी कंपनीनं तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकला. मामांचा फोन बिघडला, नव्या फोनवर खातं उघडायला गेलो तर ओटीपी त्या नंबरवर. मी त्या नंबरला फोन लावला. उचलणारा माणूस मराठवाड्यातला, बोलायला गोड. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "भाऊ, राग मानू नका, पण ओटीपी कोणाला सांगायचा नाही असं सगळे सांगतात." मी काय बोलणार? हे वाक्य तर मीच गावात दहा जणांना पढवलेलं. पुढं खातेवाल्या कंपनीला फॉर्म भरून झाले, प्रत्येक वेळी मशीननंच उत्तर दिलं. फोटो कुठंतरी आहेत. आमच्याकडं नाहीत.

लॅपटॉपमध्येही हेच घरात शिरलंय. विंडोज ११ ची नवी यंत्रं मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं सुरू केली की डिस्कला बहुधा आपोआप कुलूप लागतं, आणि त्याची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. चोरीपासून बचाव म्हणून सोय चांगली आहे. पण गिऱ्हाइकाला कुलूप लागलंय हेच माहीत नसतं. एखाद्या दुरुस्तीनंतर निळ्या पडद्यावर किल्ली मागितली जाते तेव्हा तो माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं.

एवढं सगळं ऐकून कोणी आजच्या आज सगळं डिस्कवर आणून टाकेल, तर त्याला माझी डिस्क दाखवतो. २०१९ चे माझे स्वतःचे फोटो एकाच हार्डडिस्कवर होते. एका रात्री वायर पायात अडकली, डिस्क दिवाणावरून फरशीवर. उचलली तर आतून टक-टक, टक-टक. फोटो गेले, कोणाला फॉर्मही भरायचा नव्हता. दुकान माझं संगणक दुरुस्तीचं, तरी. मालकीच्या शेताला जागल लागते. रानडुकरं, रोही सातबारा वाचून येत नाहीत. आता माझ्याकडं दोन डिस्क आहेत, एक घरी, एक बहिणीकडं अकोल्याला, आणि अगदी महत्त्वाचं तेवढं कुलूपबंद करून क्लाउडवरही. दर सणाला अकोल्याची डिस्क बदलून आणतो. हे तुम्हाला होणार नसेल तर महिन्याचे १३० रुपये द्या, मनापासून सांगतो. जागलीला न जाणाऱ्यानं शेत मक्त्यानं दिलेलं बरं.

मराठी टायपिंगचा मुद्दा या पोरीसाठी सगळ्यात मोठा होता. लग्नपत्रिकावाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत काम करतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रात फाइल उघडली की 'शुभविवाह'च्या जागी कंस, डॉलर आणि उलटी स्वल्पविरामं. फाइल आपल्या डिस्कवर, मजकूर आपण टाइप केलेला, तरी वाचता येत नाही. म्हणजे नुसती डिस्क स्वतःची असून भागत नाही, लिहिलेलं कुठंही उघडेल अशा रीतीनं ठेवावं लागतं. त्यासाठी युनिकोड आहे, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच समजणारी अक्षरांची पद्धत, आणि देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मिंटमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड एका सेटिंगमध्ये चालू होतो, विंडोजमध्येही. इथं दोघं बरोबरीत. तिला मी सांगितलं, गिऱ्हाइकाला श्रीलिपी लागली तर वेगळे पैसे घे, पण स्वतःची प्रत युनिकोडमध्येच ठेव.

आणि विंडोजला मार्क द्यायचे ते इथं. सातबारा, आपले सरकार, शिष्यवृत्ती, परीक्षांचे फॉर्म हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं, लिनक्सवर काही अडत नाही. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मी रोज मिंटवरून काढतो. पण बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच बनतं, डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी टोकनंही लिनक्सवर डोकं खातात. प्रिंटर-स्कॅनर घेतानाही आधी विचारून घ्यावा लागतो. टायपिंगची परीक्षा द्यायची तर इन्स्टिट्यूटमध्ये विंडोजच समोर येतं. ज्याला सेवा केंद्र टाकायचंय त्यानं विंडोजच घ्यावं, माझ्यासारख्याचं ऐकून धंद्याचं नुकसान करून घेऊ नये. आठव्या पिढीचा आग्रह याचसाठी होता: एका बाजूला मिंट, एका बाजूला विंडोज ११, दोन्ही राहतात.

ती आणि काका शनिवारी पहिल्या बसनं नागपूरला गेले, बर्डीवर चार दुकानं फिरले. आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप एकोणीस हजारांत ठरला. काकांनी गॅरंटी मागितलीच. दुकानदारानं बिलावर पेनानं 'एक महिना' लिहून दिलं. उरलेल्या पैशांत एक डिस्क आली, दुसरी तुरीच्या पैशांवर.

रविवारी मी दोन्ही सिस्टिम टाकून दिल्या. कुलपाची ती ४८ आकडी किल्ली तिला वहीत हातानं लिहायला लावली, दोनदा वाचून घेतली. वहीचं पान काकांनी फाडून घेतलं आणि लोखंडी पेटीत, सातबारा अन् पीककर्जाच्या कागदांच्या पिशवीत ठेवलं. "हे हरपलं त काय होते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी पोरीला दुसऱ्या पानावर पुन्हा एकदा लिहायला बसवलं. बॅटरी पाऊण तास टिकते, संक्रांतीनंतर बदलायची आहे.