स्टोअर ब्रँडचा किराणा पावसाळाभर वापरल्यावर: बरंच चालतं, तूरडाळ मात्र बघून घ्या

स्टोअर ब्रँड म्हणजे साखळी दुकान स्वतःच्या नावाने विकतं ती पाकिटं. त्यांच्यावर लिहिण्याचं कारण तूरडाळ. एरवी साखर-मिठाच्या पाकिटांवर कोण एवढं लिहीत बसेल? पाच शिट्ट्या झाल्या, कुकर आपोआप उतरला, तरी वरणात दाणे वेगळे आणि पाणी वेगळं. पाकीट घेऊन काउंटरवर गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "फोडलेलं पाकीट परत घेत नाही, कंपनीला मेल करा." पाकीट उलटं करून पाहिलं तर कंपनी म्हणून त्याच स्टोअरचं नाव आणि पत्ता! स्टोअरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा स्वस्त साखळी दुकानांचा कारभार सगळीकडे साधारण सारखाच असतो.

आधी पैशांचं. साखर, मीठ, गूळ पावडर, जाड पोहे, काडेपेटी यांत डोळे झाकून स्टोअर ब्रँड घ्या. साखरेत बघायचंच झालं तर ग्रेड बघा: एम-३० म्हणजे मोठा दाणा, एस-३० म्हणजे बारीक. चहाला दोन्ही सारख्याच, पिठीसाखर करायची तर बारीक बरी. जाहिरातीचा खर्च नाही, वितरकाचं कमिशन नाही, म्हणून ही पाकिटं स्वस्त पडतात.

पण "स्टोअर ब्रँड म्हणजे सगळ्यात स्वस्त" हे नाशिकमध्ये तरी सरसकट खरं नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नाही. त्यामुळे रविवार कारंजावरच्या किराणा दुकानात सुटी डाळ पाच-दहा किलो घेतली तर फरक मिटतो, कधी उलटाही होतो. बाजारात तांदळाचे २६ किलोचे कट्टे दिसू लागले तेही याचमुळे.

तेलाच्या पिशवीचं वेगळंच. एक लिटर सोयाबीन तेल ३० अंश तापमानाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारीच तशाच आकाराची ८५० किंवा ८०० ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते आणि तिच्यावर लिटरचा उल्लेख नसतो. समजा ८५० ग्रॅमची पिशवी १३० रुपयांना आणि ९१० ग्रॅमची १३८ रुपयांना आहे. पहिली ग्रॅमला १५.३ पैसे पडते, दुसरी १५.२ पैसे. म्हणजे आठ रुपये कमी देऊन महाग तेल घरी येतं. आता एमआरपीशेजारी प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर छापलेला असतो, पण एका पिशवीवर ग्रॅमचा आणि दुसरीवर मिलीचा असेल तर तुलना जमत नाही. मिलीच्या दराला ०.९१ ने भागा, ग्रॅमचा दर मिळतो. एमआरपीवर सूट असेल तर छापील दर सोडून शेल्फवरच्या किमतीवरून काढा.

आता डाळ. पाकिटावर "अनपॉलिश्ड", "प्रीमियम" असलं काय काय लिहितात, पण शिजण्याशी त्याचा संबंध नाही. डाळ न शिजण्याची नेहमीची कारणं तीन. एक, आंबट आधी पडलं. दाण्याला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन विरघळलं की डाळ मऊ होते आणि आंबटामुळे ते विरघळायला वेळ लागतो. म्हणून चिंच, कोकम, टोमॅटो डाळ घोटून झाल्यावरच. दोन, पाणी जड आहे. महापालिकेच्या नळाला येणाऱ्या गंगापूर धरणाच्या पाण्यात डाळ सहसा अडत नाही, पण उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी मिसळणाऱ्या सोसायट्यांमध्ये अडते, कारण पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतं. तीन, डाळ जुनी आहे. उष्ण आणि दमट गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिलेला दाणा आतून असा कडक होतो की भिजवूनही पूर्ण सुधारत नाही.

कोणतं कारण आहे ते ओळखणं सोपं आहे. एकाच पाकिटातली ५०-५० ग्रॅम डाळ दोन वाट्यांत घ्या. एकीत १५० मिली बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओ फिल्टरचं (साध्या फिल्टरने कॅल्शियम जात नाही). मीठ-हळद काही नको. दोन्ही वाट्या एकाच कुकरात ठेवून चार शिट्ट्या करा आणि झाकण पडू द्या. फिल्टरच्या पाण्याची वाटी घोटली जाते आणि बोअरची नाही, तर दोष पाण्याचा. दोन्हींत दाणा चिमटीत टणक लागला तर डाळच जुनी, आणि मग गृहिणीच्या हाताला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

इथे पाकिटावरची तारीख फसवते. ती पॅकिंगची असते, डाळ भरडल्याची नाही, तूर निघाल्याची तर मुळीच नाही. नवी तूर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये "ताजं पॅकिंग" म्हणून घेतलेल्या पाकिटातली तूर सात ते दहा महिने जुनी असू शकते, मागच्या हंगामातली असेल तर दीड वर्षाहून जास्त. शिवाय ती लातूर-अकोल्याकडची आहे, म्यानमारची लेमन तूर आहे की आफ्रिकेतून आलेली, हे पाकिटावरून सहसा कळत नाही.

तोट्याचा हिशेबही करून टाकू. मोठ्या बर्नरवर वीस मिनिटं जास्त म्हणजे ढोबळ मानाने ५० ग्रॅम गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर ८५०-९०० रुपयांना धरला तर तीन रुपये. आणि किलोमागे १२ रुपये वाचत असतील, तर एका वेळच्या पाव किलो डाळीवर वाचले तेही तीनच रुपये. बचत सगळी शेगडीखाली गेली.

इथवर मत असं होतं की स्टोअर ब्रँडची तूरडाळ घेऊच नये. नंतर त्याच ब्रँडचं, त्याच भावाचं दुसरं पाकीट तीन शिट्ट्यांत मेणासारखं शिजलं. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. स्टोअर स्वतः काहीच पिकवत नाही आणि भरडत नाही. वेगवेगळे पॅकर त्याच्या नावाने पाकिटं भरतात. पाकिटावर एफएसएसएआयचे दोन परवाना क्रमांक असू शकतात, एक विकणाऱ्याचा आणि एक पॅक करणाऱ्याचा. आपल्याला दुसरा बघायचा. १४ अंकी क्रमांकाची सुरुवात ११५ ने असेल तर परवाना महाराष्ट्र राज्याचा, १०० ने असेल तर केंद्रीय. त्यावरून दर्जा ठरत नाही, पॅकर कोण एवढं कळतं. काही पाकिटांवर तीन-चार युनिटचे पत्ते असतात आणि बारीक अक्षरांत "बॅच क्रमांकाचं पहिलं अक्षर बघा" अशी सूचना असते. चांगल्या शिजलेल्या पाकिटाच्या त्या भागाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वेळी शेल्फवर तोच पॅकर शोधा. तेव्हा मत बदललं ते एवढंच: ब्रँड वाईट नाही, बेभरवशाचा आहे. त्यामुळे नव्या पॅकरचं पाकीट आधी अर्धा किलोचंच घ्यावं.

अडलेली डाळ फेकायची गरज नाही. कोमट पाण्यात तासभर भिजवा आणि फिल्टरच्या पाण्यात शिजवा. चिमूटभर सोडा घातला तर डाळ मऊ होते, पण चव साबणासारखी लागते आणि ब-१ जीवनसत्त्व जातं. त्यापेक्षा कोरडी खमंग भाजून थालीपिठाच्या भाजणीत खपवा. गिरणीत कसलीही डाळ दळली जाते.

रव्याला पावसाळ्यात तपासूनच घ्या. किडे बहुतेक वेळा दुकानात नाही, गिरणीतच अंड्यांच्या रूपात आलेले असतात आणि पंचवीस-तीस अंशांच्या दमट हवेत बाहेर पडतात. पाकीट उजेडात धरून खालचा कोपरा बघा. पीठ जाळीसारखं एकमेकांना चिकटलेलं दिसलं तर ठेवून द्या. घरी आणल्यावर पाकीटच चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून गारवा पूर्ण उतरल्यावरच फोडा, नाहीतर आत दव धरतं. फ्रीजरमध्ये जागा नसेल तर रवा कोरडा भाजून डब्यात भरा. सहा महिन्यांचा साठा करायचा मोह टाळा. स्वस्त रवा चाळून निम्मा टाकायचा तर स्वस्त कसला!

चिवड्याचे पातळ पोहे इथून घेऊ नका. ढिगात दबून त्यांचा चुरा होतो. किलोत ६० ग्रॅम चुरा निघाला तर खरा भाव सहा टक्क्यांहून जास्त वाढला. शेंगदाणे मे महिन्यात खवट निघतात. पाकिटाच्या आतल्या बाजूला तेलाचे डाग दिसले तर नको. बेसनावर घटक वाचा: फक्त चणाडाळ असली पाहिजे, वाटाण्याचं पीठ नको. साबुदाण्याची तक्रार नाही.

वजन घरच्या काट्यावर करून बघायला हरकत नाही. एक किलोच्या पाकिटात एखादं १५ ग्रॅमपर्यंत कमी भरलं तर नियमात बसतं, पण सरासरी कमी येता कामा नये. सलग चार-पाच पाकिटं कमी भरली तर वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार होते. किडे, वास, भेसळ असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे. परताव्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल थर्मल कागदाचं असतं आणि काही महिन्यांत पुसट होतं, तेव्हा त्याचाही फोटो त्याच दिवशी काढा. काउंटरवर भांडताना पाकीट पूर्ण रिकामं नको, निम्मा माल आत हवा, बॅच क्रमांकाची पट्टी फाटलेली नको. न शिजणारी डाळ "सदोष माल" आहे हे पटवणं अवघड जातं, किडे दाखवणं सोपं.

सध्याची वाटणी अशी: साखर, मीठ, जाड पोहे, साबुदाणा आणि ग्रॅमवर हिशेब करून तेल स्टोअर ब्रँडचं. तांदूळ इगतपुरीकडचा इंद्रायणी, नवा-जुना विचारून, सुटा. तूरडाळ मार्च-एप्रिलमध्ये नवी आल्यावर रविवार कारंजावरून, आधी पाव किलो आणून, वर सांगितलेली वाटीची चाचणी करून, मग वर्षाची. मधे कधी कमी पडलीच तर स्टोअरमधून, फोटोतलं बॅचचं अक्षर जुळलं तरच.