घरपोच पीसीओडी पॅकेज घेण्याआधी

घरी येऊन रक्त नेणाऱ्या बऱ्याच लॅबच्या यादीत आता ‘पीसीओडी पॅकेज’ असतं. पीसीओडी म्हणजेच पीसीओएस, हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा बायकांमधला विकार. एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स, शिवाय उपाशीपोटीची साखर आणि इन्शुलिन, असा साधारण ऐवज. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचे पैसे वसूल होतात, कारण पाळी लांबण्याची ही दोन कारणं आधी तपासावीच लागतात. टेस्टोस्टेरॉनही हवंच, फक्त गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्या आकड्यावर विसंबू नका.

घोळ होतो तो इन्शुलिनपाशी. साखर गुणिले इन्शुलिन भागिले 405 हा होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही (इन्शुलिन रेझिस्टन्स) याचा अंदाज. साखर 92 आणि इन्शुलिन 18 असेल तर तो 4.1 येतो, आणि रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापलेला हा आकडा पाहून मुली घाबरून जातात. पण इन्शुलिन मोजायची पद्धत लॅबगणिक वेगळी, त्यामुळे इथला 4.1 तिथल्या 3 शी ताडता येत नाही. शिवाय नळी जोरात हलवली आणि रक्तपेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं एन्झाइम इन्शुलिन तोडतं आणि आकडा खोटाच कमी येतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर काही यंत्रांवर असाच खोटा कमी आकडा दिसतो. लॅबला ते आधी सांगा आणि गोळी किती दिवस थांबवायची ते विचारा. पीसीओएसच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही नेहमीच्या उपचारात इन्शुलिन रेझिस्टन्स मोजायला सांगत नाहीत.

त्या पैशांत जीटीटी, म्हणजे ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघायची चाचणी, करून घ्या. आधीचे तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खायची. डाएट म्हणून ती बंद केली असेल तर साखर उगाच वाढलेली दिसते. रात्री 8 ते 10 तास उपास, सकाळचा चहासुद्धा नाही. उपाशीपोटी रक्त दिल्यावर 75 ग्रॅम ग्लुकोज 250 ते 300 मिली पाण्यात ढवळून पाच मिनिटांत संपवायचं आणि पहिल्या घोटापासून दोन तास मोजायचे. तेवढा वेळ बसून राहायचं, जिने चढ-उतार नको. उलटी झाली तर चाचणी बाद. दोन तासांची साखर 140 ते 199 आली तर प्री-डायबिटीस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. उपाशीपोटी 92 असणाऱ्या बाईची दोन तासांनी 160 येऊ शकते, आणि नुसत्या उपाशीपोटीच्या चाचणीत ते कळतच नाही.

पॅकेजमधली सगळ्यात मोठी उणीव मात्र रक्ताबाहेरची आहे. पीसीओएस असलेल्या बायकांत डिप्रेशन जास्त आढळतं, आणि इन्शुलिन रेझिस्टन्सशी त्याचा संबंध वजन हिशेबात धरूनही दिसलेला आहे. त्याच 2023 च्या सूचना निदानाच्या वेळीच प्रत्येकीला याबद्दल विचारा म्हणतात. पॅकेजमध्ये तशी एक ओळही नसते. पीएचक्यू-9 ही फुकट प्रश्नावली आहे: गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3 गुण. बेरीज 10 किंवा जास्त आली तर तो कागद रिपोर्टसोबत डॉक्टरांपुढे ठेवा. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा आहे. तिथे 1 जरी असला तरी बेरीज न बघता त्याच दिवशी बोला. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

मेटफॉर्मिन (पीसीओडीत दिली जाणारी साखरेची गोळी) बरेच महिने चालू असेल तर बी12 या जीवनसत्त्वाची चाचणी वेगळी सांगून करून घ्या, कारण या गोळीने ते कमी होऊ शकतं. ते कमी झालं की थकवा आणि उदासी दोन्ही येऊ शकतात, आणि सगळा दोष पीसीओडीच्या माथी जातो.