‘विषाणू शून्य’ असा अहवाल देणाऱ्या दवाखान्याविषयी

गुप्तांगावरील चामखिळींच्या उपचाराच्या नावाखाली पुण्यातील एका खासगी दवाखान्याने माझ्याकडून ४१,००० रुपये घेतले. हे लिहिण्यास मी बराच काळ धजावलो नाही, आणि अशा दवाखान्यांचा धंदा रुग्णाच्या या न धजावण्यावरच चालतो. म्हणून फसवणुकीची पद्धत जमेल तितकी सविस्तर नोंदवत आहे.

मोबाइलवर दिसलेल्या जाहिरातीत ‘शस्त्रक्रियेविना, कायमचा, गोपनीय’ इलाज असे आश्वासन होते. स्वारगेट परिसरातील एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दवाखाना होता. बाहेरच्या फलकावर रोगांची लांबलचक यादी होती, पण डॉक्टरांचे नाव, पदवी किंवा नोंदणी क्रमांक कोठेही नव्हता. पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी ओझरते पाहिले आणि म्हणाले, “एचपीव्ही आहे. रक्तात काउंट किती आहे ते बघू, त्यावर पॅकेज ठरेल.” एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, अशा चामखिळी आणणारा विषाणू. संध्याकाळपर्यंत अहवाल आला. त्यावर ‘अतिउच्च’ असा लाल शेरा होता, मात्र प्रयोगशाळेचे नाव किंवा पॅथॉलॉजिस्टची सही नव्हती. “हे पुढे कॅन्सरमध्ये जातं. आणि मिसेसना आत्ताच काही सांगू नका, उगाच संसारात विघ्न,” असे समुपदेशक म्हणवणाऱ्या बाईंनी अत्यंत मायेने सांगितले. या सल्ल्याचा हेतू मला पुढे समजला: घरात बोलणे झाले असते, तर कोणीतरी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या असे नक्कीच म्हटले असते.

लेबल नसलेल्या बाटलीतील काळपट द्रव लावायला आणि पांढऱ्या भुकटीच्या पुड्या पोटात घ्यायला मिळाल्या. त्या द्रवाने चामखिळींबरोबर आजूबाजूची कातडीही सोलवटून निघाली, चालणे अवघड झाले, आणि तक्रार केल्यावर ‘विष बाहेर पडतंय’ असे उत्तर मिळाले. जखमा भरल्यावर पुन्हा रक्त घेतले गेले, त्याचेही वेगळे पैसे लागले, आणि या वेळी अहवाल होता ‘विषाणू शून्य’. काही आठवड्यांनी त्याच जागी नव्या चामखिळी आल्या, तेव्हा दोष पथ्याचा ठरला. “बाहेरचं खाल्लंत ना?” असे विचारून त्यांनी २५,००० रुपयांचे पुढचे पॅकेज समोर ठेवले. तेथून मी उठलो.

त्यानंतर एका एम.डी. त्वचारोग व गुप्तरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी उजेडात नीट तपासले आणि जे सांगितले त्याने त्या दवाखान्याचा डाव उलगडला. या चामखिळींचे निदान अनुभवी डॉक्टर डोळ्यांनी पाहूनच करतात. गाठ काळसर, कडक किंवा रक्तस्राव होणारी असेल, अथवा उपचारांना दाद देत नसेल, तरच तुकडा काढून तपासणीस पाठवतात. रक्तातील एचपीव्हीचे प्रमाण मोजून निदान करण्याची कोणतीही चाचणी नाही. एचपीव्हीची जी चाचणी खरोखर अस्तित्वात आहे, ती स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या नमुन्यावर, कर्करोगाच्या पूर्वतपासणीसाठी केली जाते. त्या चाचणीचे नाव ऐकिवात असल्यामुळेच रक्ताचा बनावट अहवाल रुग्णाला खरा वाटतो. बाईंनी माझे रक्त घेतले, पण ते सिफिलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगासाठीच्या व्हीडीआरएल चाचणीकरिता आणि एचआयव्हीच्या तपासणीकरिता. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात येणारे चपटे, ओलसर उंचवटे चामखिळींसारखे दिसू शकतात, आणि त्यावर इलाज अगदी वेगळा असतो. शिवाय शिश्नाच्या टोकाच्या कडेला ओळीने येणारे मोत्यासारखे बारीक दाणे हा आजारच नव्हे, तरी ते ‘जाळण्याचे’ पैसे अनेकांकडून उकळले जातात, असेही त्या सहज बोलून गेल्या. मला तर वाटते की त्या दवाखान्याचे सर्वांत खात्रीचे रुग्ण हेच असावेत, कारण ज्यांना रोगच नाही त्यांना बरे करणे सोपे.

कर्करोगाची भीतीही अशीच अर्धवट माहितीवर उभी केलेली होती. अशा चामखिळींपैकी सुमारे ९० टक्के एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात आणि ते प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने कमी धोक्याचे मानले जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे मुख्यतः १६ आणि १८ हे प्रकार असतात. एकाच व्यक्तीला दोन्ही गटांचा संसर्ग असू शकतो, म्हणून पत्नीची स्त्रीरोगतज्ज्ञाकडून नेहमीची तपासणी करून घेण्यास बाईंनी सांगितले, आणि मी घरी सर्व काही सांगितले. संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत आठवडे, महिने, क्वचित वर्षेही जाऊ शकतात. त्यामुळे तो कोणाकडून आणि केव्हा आला हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. हे डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर स्पष्ट केल्यामुळे घरातला ताण पुष्कळ निवळला.

माझ्यावर द्रवरूप नायट्रोजनने गोठवण्याचा उपचार झाला, आणि उरलेल्या जागी आठवड्यातून तीन रात्री लावून सकाळी धुण्यासाठी इमिक्विमॉडचे मलम मिळाले. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल, विद्युतदहन, लेझर हेही मान्य उपाय आहेत. पोडोफिलोटॉक्सिन हे लावायचे औषधही वापरतात, मात्र ते गरोदरपणात वर्ज्य आहे. यांपैकी कोणताही उपाय विषाणूचा समूळ नाश करत नाही. उपचाराने चामखीळ जाते, आणि विषाणूला बहुतेकांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच साधारण दोनेक वर्षांत आटोक्यात आणते. उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत चामखिळी पुन्हा येणे ही नेहमीची गोष्ट आहे. भोंदू दवाखाना नेमका येथेच दोन्हीकडून कमावतो: त्या आपोआप गेल्या तर श्रेय त्याच्या पुड्यांना, परत आल्या तर खापर रुग्णाच्या जिभेवर.

तेथे मला ‘एचपीव्ही संपवणारी लस’ही सुचवली होती. एचपीव्हीची लस प्रतिबंधक आहे. आलेल्या चामखिळी तिने जात नाहीत. २०२२ मध्ये परवानगी मिळालेली सर्व्हाव्हॅक ही ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्धची लस आपल्या पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटची आहे, आणि शहराच्या या लौकिकाचा दवाखान्यातील त्या समुपदेशक बाईंनी विक्रीसाठी पुरेपूर वापर केला.

गुप्तरोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना औषधे व जादूई उपाय अधिनियम, १९५४ अन्वये मनाई आहे. अॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नावाने पाहता येते. त्या गृहस्थांचे नाव मला तेथे आढळले नाही. खर्चाची अडचण असल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, पुण्यात ससूनमध्ये, त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. मी तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे दिली असून तिचा निर्णय अद्याप आलेला नाही. पक्की पावती त्यांनी कधीच दिली नव्हती, पण पैसे एका व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यावर ऑनलाइन घेतले होते. त्या व्यवहारांच्या नोंदी, सही नसलेले दोन्ही अहवाल आणि अर्धी उरलेली बिनलेबलची बाटली मी तक्रारीसोबत जमा केली आहे.