आय.एमएक्स ६ क्वाडचा गेटवे: आठ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः पिंगच्या विलंबाबद्दल

रबाळ्याच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात आय.एमएक्स ६ क्वाड या चार कोअरच्या चिपवरचा हा गेटवे (मीटर आणि सर्व्हर जोडणारी छोटी संगणक-पेटी) आठ महिने अखंड चालू आहे. काम साधं: ४० ऊर्जा-मीटरांकडून मॉडबस टीसीपीवर (नेटवर्कवरून प्रश्न-उत्तराने आकडे मागायची औद्योगिक पद्धत) आकडे घ्यायचे आणि सर्व्हरला पाठवायचे. पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनेलमध्ये मे महिना निघाला, बोर्ड एकदाही अडकला नाही. तक्रार एकच, पण मुळातली: सोबत आलेल्या जुन्या लिनक्स कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बोर्डाला काही काम नसलं की नेटवर्कचं उत्तर उशिरा येतं.

खात्री करणं सोपं आहे. बोर्डावर काहीही चालू नसताना सेकंदाला एक पिंग (‘आहेस का?’ विचारणारं छोटं पॅकेट) मारा. त्याच लॅनवर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं ते उत्तर कधी तीन, कधी आठ मिलिसेकंदांनी येतं. आता एका कोअरवर नुसतं फिरणारं लूप चालू करा. विलंब गायब! काम वाढवल्यावर वेग सुधारतो, तिथे संशय चिपच्या झोपेवरच, म्हणजे वीज वाचवणाऱ्या वेट मोडवरच, घ्यायचा. चारही कोअर थांबले तरच ही चिप वेट मोडमध्ये जाते, म्हणून एक कोअर जागा ठेवला तरी पुरतं.

कारण चिपच्या दोषयादीत ईआरआर००६६८७ या क्रमांकाखाली छापलेलं आहे. इथरनेटचे सगळे इंटरप्ट (‘इकडे लक्ष दे’ असे प्रोसेसरला जाणारे इशारे) मुख्य इंटरप्ट कंट्रोलरपर्यंत जातात, पण चिपला झोपेतून उठवणाऱ्या पॉवर कंट्रोलरला त्यांतला फक्त वेक-अपचा दिसतो. पॅकेट येऊन पडतं आणि टायमर किंवा दुसरं कोणी चिपला उठवेपर्यंत तसंच राहतं. एकेका मीटरला विचारून उत्तराची वाट बघणाऱ्या मॉडबसला हे महागात पडतं: दर प्रश्नाला ५ मिलिसेकंद वाढले तर ४० मीटरांच्या एका फेरीत २०० मिलिसेकंद जातात. मोठी फाईल ढकलून वेग मोजणाऱ्याला यातलं फारसं काही दिसणार नाही, कारण तेव्हा चिप झोपतच नाही.

तात्पुरता उपाय: सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाईलरूपात दाखवणारं फोल्डर) सीपीयू-आयडलखाली स्टेट-१ चं नाव ‘वेट’ आहे ना ते बघा आणि त्याच्या डिसेबल फाईलमध्ये १ लिहा. रीबूटनंतर हे पुसलं जातं, त्यामुळे स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये घाला. विजेचा आणि उष्णतेचा थोडा भार वाढतो.

पक्का उपाय डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डाची जोडणी सांगणारी फाईल) आहे आणि त्याचे तीन भाग एकत्रच करावे लागतात. जीपीआयओ-६ हा पॅड (चिपचा बाहेर येणारा, वेगवेगळ्या कामांना लावता येणारा संपर्क) इथरनेट इंटरप्टच्या कामाला लावायचा, त्याचा सायन बिट (पॅडवरचा सिग्नल चिपला परत वाचू देणारा) चालू ठेवून. इथरनेटच्या नोंदीत पहिला इंटरप्ट जीपीआयओ-१ च्या ६ क्रमांकाच्या लाइनवर वळवायचा. आणि वर्कअराउंड (दोषाला वळसा घालणारा हा उपाय) असल्याचा फ्लॅग, म्हणजे खुणेची ओळ, लिहायचा. पॅड न लावता इंटरप्ट वळवला तर पोर्ट चालतच नाही. नुसता फ्लॅग लिहिला तर कर्नल विश्वासाने झोपेची परवानगी देतो आणि पिंग पुन्हा रखडतो. ही चूक शोधायला फार वेळ खाते. झाल्यावर प्रॉक या सिस्टिम-फोल्डरमधली इंटरप्टची यादी बघा: पॅकेट येतील तसा जीपीआयओच्या ओळीतला आकडा वाढला पाहिजे.

मुख्य प्रवाहातला (चिप कंपनीचा नव्हे, लिनक्सचा मूळ) नवा कर्नल टाकला तर फ्लॅग नसताना, इथरनेट चालू असेपर्यंत, तो वेट मोड स्वतःच बंद ठेवतो. घाईत असलेल्यांनी तेवढंच करावं. क्वाड-प्लस या याच चिपच्या नंतरच्या आवृत्तीत हा दोष दुरुस्त झालेला आहे.

विकत घेण्याआधी सर्किट आराखडा मागून जीपीआयओ-६ मोकळा आहे का ते बघाच. काही बोर्डांवर त्याच पॅडवर तिसऱ्या आय-टू-सी बसची (बोर्डावरच्या छोट्या चिप जोडणारी दोन तारांची वाट) डेटा लाइन काढलेली असते. तसं असेल तर पक्का उपाय मिळणार नाही, वेट मोड बंद ठेवूनच चालवावं लागेल.

आणि गिगाबिट पोर्टवर ४७० एमबीपीएसच्या पुढे काही मिळत नाही, ती चिपची वेगळी मर्यादा आहे. झोप बंद करून ती हलत नाही.