बी रुजताना: भिंतीवरचा चार्ट की ग्लासातलं ओलं फडकं?

दुसरीच्या पोरांना बी कसं रुजतं ते शिकवायचं तर एक तर भिंतीवरचा चार्ट, नाहीतर काचेच्या ग्लासात ओलं फडकं आणि हरभरा. चार्टचं काम एका तासात उरकतं, मूळ, खोड, पान ही नावं पाठ होतात, भरलेल्या वर्गात तेही कमी नाही. पण ग्लासात दोन-तीन दिवसांनी दाण्यातून पांढरं मूळ डोकावलं ना, की पोरं मधल्या सुट्टीतही हलत नाहीत. मुद्दाम उलटा ठेवलेला दाणा, त्याचंही मूळ वळून खालीच गेलं, तर एका मुलीने तो परत फिरवून ठेवला, का तर आता काय करतो बघू! चार्टसमोर असं कधीच होत नाही.

आणि आमच्या रावेर भागात, म्हणजे जळगावच्या केळीच्या पट्ट्यात, पुढचा प्रश्न ठरलेलाच, मॅडम, केळीचं बी कुठंय? मग केळं आडवं कापायचं, आतले बारीक काळे ठिपके दाखवायचे, हे रुजत नाहीत म्हणून तर शेतात कंद नाहीतर टिश्यूकल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं, रोप लावतात. वेळ जातो, फडकं वाळतं, कधी बुरशीही धरते, तरी मी आधी ग्लासच ठेवते, चार्ट नंतर, नावं जुळवायला.