सोप्यात तीन डबे, माडीवर टीव्ही: कॅट-सिक्स एचडीएमआय एक्स्टेंडर, वळीव आणि पावसाळा झाल्यावर

एचडीएमआय एक्स्टेंडर म्हणजे दोन डब्यांची जोडी: खालचा ट्रान्समीटर चित्र-आवाज कॅट-सिक्स वायरीवर (नेटवर्कची आठ तारांची वायर) चढवतो, वरचा रिसीव्हर ते उतरवून टीव्हीला देतो. आधी जोडणी. कोल्हापूरच्या पेठेतलं जुनं घर, दीड-दीड फुटी भिंती. खाली सोप्यात डीटीएचचा बॉक्स, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आणि लॅपटॉपसाठी मोकळी ठेवलेली एक एचडीएमआय केबल. टीव्ही वर माडीवर. जिन्याच्या कडेनं वायर नेली की अंतर २२ मीटर भरतं. तिन्ही केबल एका ‘तीन इन एक आउट’ स्विचमध्ये, स्विचमधून एक्स्टेंडरच्या ट्रान्समीटरमध्ये, तिथून एकच कॅट-सिक्स वायर माडीवरच्या रिसीव्हरपर्यंत आणि पुढे दीड मीटरची एचडीएमआय टीव्हीला. एक्स्टेंडर साधाच, डब्यावर ‘१०८०पी, ६० मीटर, आयआर’ लिहिलेला, म्हणजे फुल एचडी चित्र आणि रिमोटचा इन्फ्रारेड सिग्नलही नेणारा. असले जोड साधारण दीड ते तीन हजारांत मिळतात.

वायरलेस जोड या भिंतींपुढे टिकत नाही. २० मीटरची सलग एचडीएमआय केबल १०८०पीला कधी चालते, कधी नाही. शिवाय तिचं डोकं पाऊण इंची पाइपातून जात नाही आणि ती रिमोटचा सिग्नल खाली आणत नाही. म्हणून एक्स्टेंडर.

चित्राबद्दल तक्रार नाही. थेट जोडलेल्या टीव्हीत आणि यात फरक ओळखता येत नाही, उशीरही जाणवत नाही. डोकेदुखी असते ती वायरीची, स्विचची आणि रिमोटची.

वायरीपासून सुरुवात करतो, कारण बरेच एक्स्टेंडर ‘खराब निघाला’ म्हणून परत जातात ते वायरीमुळे. राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत कॅट-सिक्स मागितली की आधी स्वस्तातली समोर येते. ती बऱ्याचदा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ब्लेडनं तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ठेवून या. सॉलिड तांब्याची, २३ गेजची, गोल वायर घ्या. चपटी नको. मधे जॉइंट किंवा भिंतीतला सॉकेट नको. एकाच तुकड्यात वरपर्यंत. उरलेल्या वायरीचं वेटोळं टीव्हीमागं कोंबू नका, कापून टाका.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही वायरमन जोड्या सरळ ओळीनं बसवतात: नारिंगीची जोडी, हिरव्याची, निळ्याची, तपकिरीची. टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागतात आणि सगळं ठीक वाटतं. पण तिसरी आणि सहावी पिन एकाच पिळाच्या जोडीत असावी लागते. ती नसली की जोड्या एकमेकींचा सिग्नल बिघडवतात आणि चित्र येत नाही, किंवा येत-जात राहतं. टेस्टरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका, क्रम डोळ्यांनी तपासा. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये.

आणखी एक. टोकाला आरजे-४५ (नेटवर्कची पिन) आहे म्हणून ही वायर राउटरला किंवा नेटवर्क स्विचला लावायची नाही. या प्रकारच्या एक्स्टेंडरमध्ये इंटरनेटचा डेटा जात नाही, एचडीएमआयचाच सिग्नल जातो. चुकून पीओईच्या (वायरीतूनच वीज देणाऱ्या) पोर्टला लागली तर डबा जळू शकतो. दोन्ही टोकांना ‘फक्त टीव्ही’ अशी चिठ्ठी चिकटवून टाका, पुढं कोण येऊन काय ओढेल सांगता येत नाही.

पाण्याची मोटर सुरू झाली की पडदा दोन सेकंद काळा, मग चित्र परत. हे घडतं कॅट-सिक्स मोटारीच्या वायरीला चिकटून गेली असली की. स्टार्टरच्या झटक्यानं सिग्नलची लय तुटते आणि टीव्ही नव्यानं जुळवून घेतो. विजेच्या वायरीपासून एक फूट लांब ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

पडद्यावर मुंग्यांसारखे पांढरे ठिपके दिसत असतील तर वायर बदलण्याआधी डीटीएच बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय (एका आड एक ओळी पाठवणारा प्रकार) निवडा. १०८०पी ६० हर्ट्झला पिक्सेल क्लॉक (चित्राचे ठिपके पाठवण्याचा वेग) १४८.५ मेगाहर्ट्झ लागतो, १०८०आयला ७४.२५, म्हणजे वायरीवरचा भार निम्मा. आपल्याकडची एचडी चॅनेल मुळात १०८०आयच येतात, त्यामुळे गमावत काहीच नाही. लॅपटॉपला ही युक्ती नको, अक्षरं थरथरतात. तिथं वायरच नीट हवी.

स्विच घेताना ‘ऑटो’ या शब्दाला भुलू नका. डीव्हीआर चोवीस तास चालू. डीटीएच बॉक्स स्टँडबायवर गेला तरी त्याच्या एचडीएमआयवर पाच व्होल्ट राहू शकतात, मग स्विचला तो बंद झाला हे कळतच नाही. वीज जाऊन आली की डीव्हीआर आणि बॉक्समध्ये जो शेवटी उठेल तो पडद्यावर. मालिका बघायला बसावं आणि गल्लीचा कॅमेरा दिसावा, असं होतं. ऑटो बंद करता येईल आणि स्वतःचा रिमोट असेल असाच स्विच घ्या.

रिमोटसाठी एक्स्टेंडरसोबत दोन बारीक वायरी येतात. ‘आरएक्स’ म्हणजे डोळा, तो वर टीव्हीजवळ. ‘टीएक्स’ म्हणजे बल्ब, तो खाली डब्यांजवळ. उलट लावल्या की रिमोट चालत नाही, आणि सर्वाधिक वेळा हेच झालेलं असतं. बल्ब लागतो का ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. बटण दाबल्यावर जांभळट चमक दिसते. डीटीएच बॉक्सचा डोळा शोधायला काळ्या काचेवर टॉर्च मारा, आत गोल भिंग दिसेल, बल्ब नेमका त्यावर चिकटवा. बल्ब एकच मिळतो आणि डबे तीन, म्हणून तीन डोक्यांची एमिटर वायर वेगळी घ्यावी लागते: एक डोकं बॉक्सला, एक डीव्हीआरला, एक स्विचला. वरच्या डोळ्यावर पश्चिमेच्या खिडकीचं ऊन पडलं तर दुपारनंतर रिमोट अडखळतो. डोळा टीव्हीच्या खालच्या कडेला सावलीत लावा.

फायर टीव्ही स्टिकसारख्या वस्तू मात्र या साखळीत घालू नका. तिचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, आयआरची वायर त्याला उपयोगाची नाही. स्टिक थेट वरच्या टीव्हीलाच लावा आणि पाइपात एकाऐवजी दोन कॅट-सिक्स ओढा, दुसरी इंटरनेटसाठी. (फुटबॉलवेड्या पेठेत ॲपवर सामना बघणाऱ्यानं एक लक्षात घ्यावं: डीटीएचवाल्या शेजाऱ्याचा ‘गोल’ आधी ऐकू येतो. त्यात एक्स्टेंडरचा दोष नाही.)

डीव्हीआरमध्ये आउटपुट हातानं १९२०×१०८० करा. काही डीव्हीआर १२८०×१०२४ वर बसलेले असतात. मग चित्र ताणलेलं दिसतं किंवा टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणतो. वीज आल्यावर एक्स्टेंडरच्या आधी डीव्हीआर उठला तर त्याला टीव्हीची माहिती मिळत नाही आणि एचडीएमआय गप्प बसते. स्विच, ट्रान्समीटर, डीव्हीआर आणि वरचा रिसीव्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले की हा त्रास थांबतो.

ॲडॉप्टर हा यातला सर्वात कच्चा भाग. सोबतचा पाच व्होल्ट एक अँपियरचा असतो आणि उन्हाळ्यात आधी तोच जातो. लक्षण म्हणजे दिवा लागलेला, पण चित्र दर काही मिनिटांनी गायब. पाच व्होल्ट दोन अँपियरचा, त्याच पिनेचा लावा. सीसीटीव्हीचा बारा व्होल्टचा ॲडॉप्टर तिथं सहज बसतो आणि डबा जाळतो. डबा कोमट राहणं ठीक, पण बंद कपाटात नको.

एप्रिल-मेच्या वळवात खरी परीक्षा. गच्चीवरच्या डिशची कोॲक्स वायर विजेचा झटका बॉक्समध्ये आणते, तिथून एचडीएमआयमधून स्विच, एक्स्टेंडर आणि टीव्हीपर्यंत. आभाळ भरून आलं की नुसता प्लग काढून भागत नाही, गडगडाट सुरू होण्याआधीच डिशची वायरही काढावी लागते. डिशच्या खांबाला अर्थिंग हवं. लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर दोन पिनी जोड लावून वापरला तर त्याची विजेची गळती एचडीएमआयवर उतरते, म्हणून तो अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच.

फोरके हवं असेल तर हा डबा नको. ६० हर्ट्झच्या फोरकेला सेकंदाला १८ गिगाबिट नेणारी वायर लागते. त्यासाठी ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिची टोकं ठरलेली असतात, ‘सोर्स’ लिहिलेलं डब्याकडे आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेलं टीव्हीकडे, आणि ती तीव्र कोनात दुमडली की संपली.

टीव्ही समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मीटरवर असेल तर तांब्याची वायर अंतर कमी असलं तरी ओढू नका. दोन अर्थिंगमधला फरक त्याच वायरीतून वाहतो आणि दोन्हीकडचे पोर्ट घेऊन जातो. तिथं फायबरचा एक्स्टेंडर, आणि सोबत धातूची तार नसलेली फायबर केबल.